राजधानी पडली, तरी डाव संपला नाही

‘सिव्हिलायझेशन’ या खेळाच्या निर्मात्यांस,



मी साताऱ्यात शाळेत इतिहास शिकवतो आणि गेली वीसेक वर्षे तुमचा खेळ खेळतो. ही दोन्ही कामे मी आजवर एकमेकांत मिसळू दिली नव्हती. शाळेत खेळाचे नाव काढायचे नाही आणि घरी संगणकापुढे बसल्यावर मास्तरकी करायची नाही, असा माझा शिरस्ता होता. सातवीच्या एका तासाला तो मोडला. त्या तासापासून मनात जे घोळते आहे, ते या पत्रात मांडतो.

धडा होता मराठ्यांच्या स्वातंत्र्यसंग्रामाचा. फळ्यावर मी १६८९ साल लिहिले आणि सांगत गेलो. फेब्रुवारीत संगमेश्वरला संभाजी महाराज पकडले गेले. ११ मार्चला त्यांची हत्या झाली. नोव्हेंबरात रायगड पडला. त्यांच्या पत्नी येसूबाई आणि लहानगे पुत्र शाहू मुघलांच्या कैदेत गेले. राजा गेला, राजधानी गेली, गादीचा वारस शत्रूच्या छावणीत. एवढे सांगून मी श्वास घ्यायला थांबलो, तर मागच्या बाकावरून एका मुलाने हात वर केला. “सर, मग गेम ओव्हर का नाही झाला?”

वर्गात हशा पिकला. मला मात्र तो प्रश्न अगदी नेमका वाटला. मधल्या सुट्टीत त्याला गाठले तेव्हा कळले, की तो तुमचा सहावा खेळ खेळतो. खेळात शिकलेला नियम त्याने इतिहासाला लावून पाहिला होता. पाचव्या आणि सहाव्या खेळात लष्करी विजय मोजला जातो तो मूळ राजधान्यांवर. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याची पहिली राजधानी हातात आली, की जग जिंकले. राजधानी गमावलेल्याचा महाल आपोआप दुसऱ्या शहरात जातो हे खरे. पण जिंकण्या-हरण्याच्या हिशेबात त्या दुसऱ्या शहराला किंमत नसते. या नियमात वाढलेल्या मुलाला १६८९ नंतरची अठरा वर्षे कळणार कशी? मराठ्यांच्या इतिहासातली सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोठी अठरा वर्षे तीच आहेत.

पत्र मराठीत लिहितो आहे. तुमच्यापर्यंत पोचवायला भाषांतर करणारे मिळतील. पण मला जे सांगायचे आहे ते माझ्या भाषेत जास्त नेमके येते, आणि रात्री ‘अजून एकच टर्न’ म्हणत जागणाऱ्या इथल्या मुलामुलींनीही ते वाचावे अशी इच्छा आहे.

आधी तुमचे ऋण मान्य करतो. १९९१ साली सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी पहिला खेळ केला, त्यात १४ राष्ट्रे होती. रोमन आणि इंग्रज होते, तसेच झुलू होते, अ‍ॅझ्टेक होते, मंगोल होते आणि भारतही होता. जगाचा इतिहास म्हणजे युरोपचा इतिहास नव्हे, हे अनेक मुलांना पुस्तकाआधी तुमच्या नकाशाने सांगितले. मी स्वतः माली आणि खमेर या राज्यांबद्दल वाचायला लागलो तो तुमच्यामुळे. म्हणूनच हे पत्र तक्रारीचे कमी आणि हक्काच्या मागणीचे जास्त आहे.

तुमच्या खेळातला पहिला मोठा निर्णय खेळाडूच्या आधी तुम्ही घेतलेला असतो. पहिला टर्न आठवा. नकाशा सगळा झाकलेला. मधे थोडासा उजेड, नदीचे एक वळण, बाजूला टेकडी, आणि तिथे सेटलर उभा. साल इसवी सनापूर्वी ४०००. बटण दाबले की तंबूच्या जागी घरे उभी राहतात आणि वर नाव उमटते. ते तुमच्या यादीतले पहिले नाव असते, आणि तीच राजधानी. वर नेत्याचा चेहरा, खाली शहराचे नाव, ही जोडी खेळाडू शेकडो तास डोळ्यांसमोर ठेवतो. पाठ्यपुस्तकात आम्ही ती एकदा सांगतो आणि परीक्षा झाली की मुले विसरतात. तुमची जोडी मनात घर करते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की नेता आणि राजधानी या दोन वेगळ्या निवडी मानू नका. ती एकच निवड आहे. माणूस निवडला की त्याच्याबरोबर एक काळ येतो, आणि त्या काळात त्याची आज्ञा जिथून सुटत होती ती जागा येते. ती जागा बदलली की माणूसही बदलतो.

तुम्हाला हे समजत नाही असे मी म्हणणार नाही, कारण तुम्ही स्वतःच्या चुका दुरुस्त केलेल्या मी पाहिल्या आहेत. पाचव्या खेळात डेन्मार्कचा नेता हॅराल्ड ब्लूटूथ होता आणि राजधानी कोपनहेगन. हॅराल्ड दहाव्या शतकातला. त्याची खूण आहे जेलिंगला. आईवडिलांच्या स्मरणार्थ त्याने उभारलेला कोरीव दगड आजही तिथे उभा आहे. कोपनहेगनला महत्त्व आले ते त्याच्यानंतर सुमारे दोन शतकांनी. त्याच खेळात पोलंडचा तिसरा कॅझिमिर वॉर्सातून राज्य करत होता. प्रत्यक्षात त्याचे सिंहासन क्राकूवला होते, आणि १३६४ साली त्याने विद्यापीठ स्थापले तेही क्राकूवलाच. सहाव्या खेळात तुम्ही राणी यादविगा आणलीत आणि राजधानी क्राकूव केलीत. एका नावाचा बदल, पण त्याने चौदाव्या शतकाचे पोलंड जागेवर आले.

हूणांच्या बाबतीत तर तुम्ही फार सुंदर निर्णय घेतला होता. भटक्या लोकांना राजधानी कुठली द्यायची? तुम्ही नाव दिलेत ‘अटिलाचा दरबार’, आणि पुढच्या शहरांची नावे इतर राष्ट्रांच्या यादीतून उसनी घेतलीत. पाचव्या शतकात प्रिस्कस नावाचा इतिहासकार रोमन दूतांबरोबर त्या दरबारात गेला होता. लाकडी महालाचे, तिथल्या मेजवानीचे वर्णन त्याने लिहून ठेवले. ती जागा नेमकी कुठली, हे आज कुणाला बोट ठेवून दाखवता येत नाही. तुम्ही तिथे एखादे शहर ओढूनताणून बसवले नाहीत. राजा असेल तिथे राजधानी, हे मान्य केलेत. माझ्या पुढच्या सगळ्या मागणीला आधार आहे तो या एका नावाचा.

आता गांधीजींबद्दल बोलतो. पहिल्या खेळापासून सहाव्यापर्यंत, पाव शतकाहून जास्त काळ, भारताचे नेतेपद तुम्ही त्यांना दिलेत, आणि राजधानी दिल्ली. गांधीजींनी सरकारातले कुठलेही पद कधी घेतले नाही. १५ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्लीत स्वातंत्र्याचा सोहळा चालू होता तेव्हा ते कलकत्त्यात होते, दंग्यांनी पोळलेल्या वस्तीत. त्यांचे काम ज्या जागेवरून चालले ती आमच्या वर्ध्याजवळ आहे. १९३६ साली ते सेगाव नावाच्या खेड्यात राहायला गेले. त्याचेच पुढे सेवाग्राम झाले. मी विद्यार्थ्यांना घेऊन तिथे गेलो आहे. मातीच्या भिंती, कौलारू छप्पर, जमिनीवर चटया. बापू कुटीत शिरताना मुले आपोआप हळू बोलायला लागतात. आवारात टेलिफोनची एक छोटी खोलीही जपून ठेवलेली आहे. व्हाइसरॉय लिनलिथगोने तो टेलिफोन बसवून दिला होता, कारण साम्राज्याला या खेड्याशी बोलावे लागत होते. १९४२ च्या जुलै महिन्यात काँग्रेसच्या कार्यकारिणीने इंग्रजांना देश सोडायला सांगणारा ठराव केला, तोही वर्ध्यात. सत्ता दिल्लीत होती आणि तिला हलवणारा शब्द सेवाग्रामातून निघत होता. गांधीजींची राजधानी म्हणायचीच तर ती ही.

दिल्ली दिली की मात्र गांधीजी सैन्याचे, खजिन्याचे आणि शेवटी अण्वस्त्रांचे धनी होतात. त्यातून काय झाले ते तुम्ही जाणता. पहिल्या खेळातल्या आकड्यांच्या एका चुकीमुळे गांधीजी बॉम्ब टाकत सुटले, अशी दंतकथा जगभर पसरली. सिड मायर यांनी २०२० च्या आपल्या आत्मचरित्रात तशी चूक मुळात नव्हतीच, असे स्पष्ट केले. पण पाचव्या खेळात गांधीजींची अण्वस्त्रे वापरण्याची ओढ मुद्दाम १२ ठेवली गेली होती, आणि ती मोजण्याची पट्टी १० पर्यंतची. जगातल्या लाखो मुलांना गांधीजींची पहिली ओळख अशी झाली, याचे मला मनापासून वाईट वाटते. माणसाला त्याच्या जागेवरून उचलून भलत्याच आसनावर बसवले की त्याचे असेच होते.

सातव्या खेळात, २०२५ साली, तुम्ही मांडणी बदललीत. नेता वेगळा निवडायचा आणि राष्ट्र वेगळे; राष्ट्रही प्रत्येक युगात बदलायचे. भारतातून मौर्य आले, चोळ आले, मुघल आले. नेता म्हणून अशोक आला. पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई आली. भारत म्हणजे एकच राजा आणि एकच शहर, ही जुनी अडचण तुम्ही दूर केलीत, आणि त्यासाठी मी तुमचा आभारी आहे.

लक्ष्मीबाई तर आमच्या घरातली. माहेरचे आडनाव तांबे, सासरचे नेवाळकर, दोन्ही घरे मराठी. जन्म काशीचा, बालपण बिठूरचे, गादी गमावलेल्या दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयातले. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्यात ते शहरात होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात शहर पडल्यानंतरची लूट आणि कत्तल आहे. आणि त्यानंतर काल्पीच्या वाटेवर, एका विहिरीपाशी, धुळीने माखलेली, तहानलेली राणी त्यांना भेटते. ते पाणी काढून द्यायला पुढे होतात आणि ती त्यांना थांबवते, स्वतःच्या हाताने पाणी घेते. राजधानी गेलेली राणी कशी दिसते, हे माझ्या विद्यार्थ्यांना मी त्या विहिरीवरून सांगतो.

तुमच्या सातव्या खेळात मात्र लक्ष्मीबाई कुठल्याही राष्ट्राची नेता होऊ शकते, आणि शहरांची नावे त्या राष्ट्राच्या यादीतून येतात. म्हणजे अख्खा खेळ संपेपर्यंत झाशी हे नाव नकाशावर न येताही लक्ष्मीबाई जग जिंकू शकते. जिचे सगळे भांडण एका शहरासाठी होते, तिच्याजवळ ते शहर नाही. आधी तुम्ही गांधीजींना परक्या राजधानीत बसवलेत, आता लक्ष्मीबाईला तिच्या राजधानीपासून तोडलेत. दोन्हीकडे चूक एकच आहे.

यावर तुम्ही म्हणाल, प्रत्येक नेत्यासाठी इतके बारकावे कुठवर पाहायचे? एक उदाहरण सविस्तर मांडतो, म्हणजे बारकाव्यातून खेळच कसा रंगतो ते दिसेल. उदाहरण अर्थातच मराठ्यांचे.

तुमच्या सातही खेळांच्या मूळ संचांत मराठे स्वतंत्र राष्ट्र म्हणून आलेले नाहीत. दुसऱ्यांच्या खेळांत ते आले. ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये २००९ सालीच मराठे खेळता येत होते, ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस’च्या चौथ्या खेळात मराठा राज्य उभे करता येते, आणि तुमच्या खेळासाठी चाहत्यांनी स्वतःच्या हौसेने मराठ्यांचे मॉड बनवले. आता मुघल तुमच्या आधुनिक युगात आले आहेत, तर मराठे यायलाच हवेत. औरंगजेबाच्या आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे ज्यांच्याशी झुंजण्यात गेली, त्यांच्याशिवाय मुघलांची गोष्ट पुरी होत नाही.

मग मराठ्यांची राजधानी कुठली? इथे बहुतेक जण रायगड म्हणतील. पण रायगडाच्या आधी सुमारे पाव शतक राजगड होता. पद्मावती, संजीवनी आणि सुवेळा या तीन माच्या, मधे आभाळात घुसलेला बालेकिल्ला. शिवाजी महाराज १६६६ साली आग्र्याहून सुटले ते राजगडावर परतले. राज्य लपून वाढत होते तोवर ती जागा योग्य होती. राज्य मोठे झाले, कारखाने, दफ्तर, बाजार यांना सपाट जागा लागायला लागली, आणि समुद्रावर नजर ठेवणे गरजेचे झाले. मग रायरीच्या डोंगराचा रायगड झाला. वर रुंद पठार, चहूबाजूंनी तुटलेले कडे, खाली महाड आणि सावित्रीच्या खाडीकडे जाणारी वाट. हिरोजी इंदुलकरांनी तिथे नगर उभे केले. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला तेव्हा इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. गडावर हत्ती पाहून हे जनावर वर आणले कसे, याचे त्याला नवल वाटले, आणि ते त्याने लिहूनही ठेवले. त्या एका नोंदीत राजधानीचा अर्थ आहे. जिथे हत्ती चढणार नाही अशा जागी राज्य नेऊन बसवायचे आणि मग तिथे हत्तीही चढवायचा.

पंधरा वर्षांनी तो रायगड पडला. त्याआधीच येसूबाईंच्या सल्ल्याने संभाजी महाराजांचे धाकटे भाऊ राजाराम महाराज गडाबाहेर पडले होते. प्रतापगड, पन्हाळा, आणि तिथून वेषांतर करून दक्षिणेकडे. वाटेत केळदीच्या राणी चेन्नम्माने त्यांना आसरा दिला. हजार किलोमीटरच्या आसपास दूर, आजच्या तमिळनाडूतल्या जिंजीला मराठ्यांची गादी मांडली गेली. तीन डोंगर तटांनी एकमेकांना जोडलेले, असा तो किल्ला. तिथे मंत्रिमंडळ नेमले गेले, तिथून वतनांच्या सनदा सुटल्या. इकडे रामचंद्रपंत अमात्य मुलूख सांभाळत होते; संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव मुघल फौजांना झोपू देत नव्हते. शिवचरित्राची पहिली मोठी बखर कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिली ती जिंजीतच, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. रायगड शत्रूकडे असताना रायगडाची आठवण जिंजीत कागदावर उतरत होती. माझ्या मते त्या क्षणी राजधानी जिंजीत होती यात शंकेला जागाच नाही.

मुघल सरदार झुल्फिकारखानाने जिंजीला घातलेला वेढा सुमारे आठ वर्षे चालला. १६९८ साली किल्ला पडला, पण राजाराम महाराज आधीच निसटले होते. मग गादी आली साताऱ्यात. १७०० च्या मार्चमध्ये सिंहगडावर महाराज वारले आणि एप्रिलमध्ये साताऱ्याचा किल्लाही गेला. औरंगजेबाने त्याला आझमतारा असे नाव दिले. माझ्या वर्गाच्या खिडकीतून तो किल्ला दिसतो. आज आम्ही त्याला अजिंक्यतारा म्हणतो.

या सबंध काळात औरंगजेबाची राजधानी तरी कुठे होती? दिल्ली हे नाव कागदावर. खरी राजधानी त्याची छावणी, जी त्याच्याबरोबर गावोगाव हलत होती. १६९५ साली जेमेली करेरी नावाचा इटालियन प्रवासी कृष्णाकाठी गलगल्याला त्या छावणीत गेला तेव्हा त्याला तंबूंचे अफाट शहर दिसले. एका बाजूला तंबूंची राजधानी, दुसऱ्या बाजूला डोंगरावरून डोंगरावर जाणारी राजधानी. असा डाव तुमच्या खेळात आजवर कुणी खेळलेला नाही.

आणि नेता? इथेही बहुतेक जण छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव घेतील, आणि तो मान त्यांचाच आहे. तरी मी वेगळे नाव सुचवतो. तुमच्या खेळात नेता समोर येऊन सौदा करतो, धमकी देतो, हरला की पडद्यावर हार मान्य करतो. महाराज आमच्या घराघरांत भिंतीवर आहेत, तळहातावरच्या फोडासारखे जपलेले. त्यांना यंत्राच्या हवाली करून कुठल्या तरी आकड्यावर नाचवलेले आम्हाला सोसणार नाही. गांधीजींचे काय झाले ते आम्ही पाहिले आहे. शिवाय महाराजांची राजधानी त्यांच्या हयातीत कुणी घेऊ शकले नाही. मी जो डाव सांगतो आहे, तो त्यांच्या सुनेने खेळला.

महाराणी ताराबाई. जन्म १६७५ चा, वडील सरसेनापती हंबीरराव मोहिते. पती राजाराम महाराज वारले तेव्हा त्या पंचविशीत होत्या. लहान मुलाला गादीवर बसवून त्यांनी कारभार हाती घेतला. औरंगजेब एकेक गड घेत सुटला: सातारा, सज्जनगड, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. एकेका गडासाठी त्याला महिने मोजावे लागले, आणि कित्येक गड लढून घेण्याऐवजी पैसे मोजून घ्यावे लागले. बादशहा इथे गडांवर अडकला असताना ताराबाईंच्या फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात शिरत होत्या, गुजरातेत उतरत होत्या. बादशहाची पाठ वळली की गेलेले गड परत येत होते. १७०७ साली औरंगजेब अहमदनगरला मरण पावला. दिल्ली त्याने पुन्हा पाहिली नाही.

ताराबाई देवी नव्हत्या. शाहू महाराज सुटून आल्यावर त्यांच्याशी गादीसाठी भांडल्या, स्वतः कैदेत पडल्या, म्हातारपणी नातवालाही साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद करून ठेवले, आणि पानिपत झाले त्याच वर्षी, १७६१ साली, शहाऐंशीव्या वर्षी वारल्या. खेळातला नेता असाच असावा. जिद्द, बुद्धी, चुका, हट्ट, सगळे असलेला. संगम माहुलीला कृष्णेच्या पात्रालगत त्यांची समाधी आहे. पावसाळ्यात पाणी चढले की ती बुडते आणि ओसरले की पुन्हा वर येते. मी मुलांना तिथे नेतो आणि तिथेच तो धडा शिकवतो.

तेव्हा माझी मागणी अशी. मराठे आणा, नेता ताराबाई करा, आणि शहरांच्या यादीत गडांची नावे घाला. पहिले नाव पन्हाळा ठेवा किंवा सातारा. आणि नियम असा करा, की मराठ्यांची राजधानी पडली तर ती दुसऱ्या गडावर जाते, आणि तिथेच मूळ राजधानी मानली जाते. हातातले गड संपेपर्यंत मराठे हरत नाहीत. शत्रूला मात्र घेतलेला प्रत्येक गड राखायला पैसा आणि माणसे खर्चावी लागतात. हे तुम्हाला नवे नाही. सहाव्या खेळात फिनिशियाच्या डिडोला मूळ राजधानी हलवण्याची मुभा तुम्हीच दिली होती. जुन्या खेळांत नवा महाल बांधून राजधानी हलवता येत होती. सातव्यात युग बदलताना ती बदलता येते. एक पाऊल पुढे टाका. राजधानी हलवणे ही सोय न राहता तेच त्या लोकांचे बळ होऊ द्या.

दुसरी मागणी, निवड करण्याआधी विचारा. सहाव्या खेळात २०१८ साली तुम्ही क्री लोकांचे नेते पाउंडमेकर यांना आणलेत, तेव्हा पाउंडमेकर क्री नेशनचे मिल्टन टूटूसिस यांनी जाहीर हरकत घेतली. दुसऱ्यांची भूमी जिंकण्याची वृत्ती आमच्यावर लादली जाते आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याआधी पुएब्लो लोकांनी आपला नेता पोपे याला खेळात आणू नका म्हटले, तेव्हा तुम्ही ऐकलेत आणि बेत सोडलात. सातव्या खेळात टेकमसेला आणताना शॉनी लोकांना बरोबर घेऊन, त्यांच्या भाषेचा मान ठेवून काम केलेत. हाच मार्ग इथेही धरा. ताराबाईंच्या तोंडी हिंदी घालू नका. त्या मराठी बोलत होत्या, आणि ती मराठी कशी होती हे सांगणारे मोडीतले कागद पुण्यात आणि कोल्हापुरात दफ्तरखान्यांत आहेत. ते वाचणारे अभ्यासकही आहेत. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले. त्यांत राजगड, रायगड, पन्हाळा आहेत आणि जिंजीही आहे. एका राज्याची गादी ज्या गडांवर फिरली, त्यांतले बरेचसे आज एकाच यादीत आहेत. तुमच्या शहरांच्या यादीची सुरुवात तिथून करता येईल.

तिसरी मागणी गांधीजींची. त्यांना पुन्हा आणायचे ठरले, तर सेवाग्रामातून आणा. सैन्याशिवाय शब्द कसा चालतो, हे खेळाच्या नियमांत बसवणे अवघड आहे हे मला कळते. ते ज्याला जमेल त्याचे नाव राहील. आणि लक्ष्मीबाईच्या पहिल्या शहराला, ती कुठल्याही राष्ट्राची नेता असो, झाशी हे नाव द्या.

शेवटी त्या मुलाबद्दल सांगतो. गेम ओव्हर का नाही झाला, याचे उत्तर मी त्याला लगेच दिले नाही. वर्गाला गृहपाठ दिला: तुमच्या आवडीच्या एका राज्याचा तक्ता करा, नेता, राजधानी, पाच शहरे, आणि प्रत्येकापुढे कारण. त्याने १६८९ सालचे मराठे निवडले. सगळा तक्ता निळ्या शाईने, आखून-रेखून. फक्त राजधानीच्या चौकटीत ‘जिंजी’ हे नाव पेन्सिलीने लिहिलेले, आणि त्याखाली आधी खोडलेल्या रायगडाचा पुसट ठसा. कारणाच्या रकान्यात त्याने लिहिले होते, की पुढे सातारा लिहावे लागेल म्हणून पेन्सिल वापरली आहे.

मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. तुमच्या पुढच्या खेळात राजधानीचे नाव असे पेन्सिलीने लिहिता यावे, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.



आपला,
साताऱ्यातला एक इतिहासशिक्षक